अर्धी गोळी

आमच्या ह्यांची पिंपरीतली कंपनी बंद पडली, त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि ते घरी बसले. त्याच वर्षी मी रुग्णालयातली बावीस वर्षांची नर्सची नोकरी सोडली. नातेवाइकांना वाटलं, दोघांनी मिळून संन्यास घेतला. माझं कारण साधं होतं. कॅन्सरच्या ज्या पेशंटसाठी आता काही करण्यासारखं उरलं नाही, त्यांच्या घरच्यांच्या हाती डिस्चार्जचा कागद द्यायचं काम वॉर्डात माझ्याकडे असे. कागद घेऊन ती माणसं जिना उतरून जात आणि पुढे त्यांचं काय होतं ते मला कधीच कळत नसे. ते बघायला लावणारी एक नोकरी नारायण पेठेत निघाली. पगार निम्मा होता, तरी मी ती धरली.

एका छापखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत ही धर्मादाय संस्था चाले. ज्यांना रुग्णालयानं घरी पाठवलंय आणि ज्यांच्या घरात औषधाला पैसे नाहीत, अशांच्या घरी आम्ही जायचो. दुखणं कमी करायचं, जखमा धुवायच्या, घरच्यांना ते सगळं शिकवायचं, आणि शेवटपर्यंत येत राहायचं. एका सॉफ्टवेअर कंपनीनं व्हॅन दिली होती. तिथली तरुण मुलं दर महिन्याला पगारातून थोडे पैसे पाठवत. संस्थेच्या डॉक्टरबाई म्हणजे भूल देण्याच्या कामातून निवृत्त झालेल्या एक साठीच्या बाई. गुडघे दुखायचे, बोलणं तिखट. मुलाखतीत त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, "वास सहन होतो का?"

आमचं मुख्य औषध मॉर्फिनची गोळी. ती दुकानात मिळत नसे. सरकारी मान्यता असलेल्या संस्थेलाच ती ठेवता येई आणि एकेका गोळीचं उत्तर द्यावं लागे. घरी दिलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या परत आणायच्या, उरलेल्या मोजायच्या. गोळ्या भलत्याच्या हाती लागल्या तर मान्यता जाईल आणि सगळ्याच पेशंटचं औषध बंद होईल, हे डॉक्टरबाई आठवड्यातून एकदा तरी ऐकवत. म्हणून एक नियम होता. घरात गोळी सांभाळून देणारं कोणी असेल तरच पेशंट घ्यायचा. फॉर्ममध्ये तसा रकानाच होता, 'काळजी घेणारी व्यक्ती'. तो रिकामा असला की फॉर्म परत.

पर्वतीच्या मागच्या उतारावर, खडकवासल्याहून येणाऱ्या कालव्याच्या वरच्या अंगाला जी वस्ती आहे, तिथं मला ती बाई भेटली. वय चाळीसच्या आतबाहेर. सहकारनगरच्या बंगल्यांमध्ये धुणंभांडी करायची. छातीतली गाठ तिनं दोन वर्षं पदराखाली लपवली. रुग्णालयात गेली तोवर गाठ फुटून जखम झाली होती आणि आजार मणक्यात उतरला होता. पत्र्याच्या खोलीत, भिंतीला टेकवलेल्या गादीवर ती अर्धवट बसून असायची, कारण आडवं झालं की पाठ पेटायची.

नवरा मार्केट यार्डात हमाल. दोघं यवतमाळकडची. हिंजवडीला काचेच्या इमारती उठायला लागल्या तेव्हा बांधकामावर म्हणून आली आणि इथंच राहिली. मुलगी लग्न करून तिकडेच दिली होती. नवरा 'ळ'चा 'य' करायचा. गोळ्यांना तो 'गोया' म्हणायचा. पहिल्या दिवशी मी जखम कशी धुवायची ते दाखवलं तेव्हा त्यानं तोंड फिरवलं नाही. दुसऱ्या खेपेला त्यानं स्वतःच कापूस मागून घेतला. फडक्यांचे तुकडे तो पहाटे नळावर गर्दी व्हायच्या आत धुऊन आणायचा. पण त्याच्या तोंडाला दारूचा वास यायचा. रोज नाही, पण यायचा. माझा थोरला भाऊ दारूत गेला. आईच्या औषधाची बाटलीसुद्धा त्यानं विकून खाल्ली होती. त्यामुळे तो वास आला की माझं मत तिथल्या तिथे बनायचं.

तिला दिवसाला सहा गोळ्या होत्या. चार चार तासांनी एक, झोपताना दोन. पहिले दोन आठवडे छान गेले. तिसऱ्या दिवशीच ती भिंतीचा आधार सोडून कुशीवर झोपली. मी गेले की माझ्याशी गप्पा मारायची, ज्या बंगल्यांत काम केलं तिथल्या बायकांच्या नकला करून दाखवायची. हसली की जखम ओढायची, तरी हसायची.

तिसऱ्या आठवड्यात एका गुरुवारी मी डबा उघडला. त्यात बारा गोळ्या असायला हव्या होत्या. दोनच होत्या.

मी पुन्हा मोजल्या, रिकाम्या पट्ट्या मोजल्या. मग तिला विचारलं, "ताई, जास्त घेतल्या का? दुखतंय का जास्त?"

"नाई," ती म्हणाली. तिच्या कपाळावर घाम होता. उजवा हात तिनं पाठीमागे घालून कंबर दाबून धरली होती.

नवरा दारात उभा होता. मी त्याच्याकडे वळले. "गोळ्या कुठे आहेत?"

त्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं खाली पाहिलं.

"तुम्ही घेतल्या?"

 शेजारच्या खोलीत टीव्ही चालू होता. मग तो म्हणाला, "हो. म्याच घेतल्या."

"काय केलंत त्यांचं? खाल्ल्यात? विकल्यात?"

 मग मी बोलत सुटले. बायको अशी पडली असताना तिच्या तोंडातलं औषध काढताना हात कसा झडला नाही, असलं बरंच काही. आवाज वाढला होता. दारासमोरून जाणाऱ्या दोन बायका थांबून ऐकत होत्या. तो मान खाली घालून उभा राहिला आणि त्याच्या बायकोनं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, लाजेनं मिटले.

डॉक्टरबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सिस्टर, दहा गोळ्या म्हणजे मला लेखी उत्तर द्यावं लागणार. आणखी दहा गेल्या तर उत्तर देऊनही भागणार नाही. त्या घराचं औषध बंद करू का?"

"आणि तिचं काय?"

"तेच तुम्हाला विचारतेय."

शेवटी ठरलं ते असं. कुलूप लागणारी एक छोटी पेटी द्यायची, किल्ली बाईच्या गळ्यात, आणि एका वेळी दोनच दिवसांच्या गोळ्या. म्हणजे मी दर दोन दिवसांनी त्या पायऱ्या चढायच्या. दीडशेच्या वर पायऱ्या होत्या. मी चढायला लागले.

आता मोजदाद बरोबर येत होती. बारा दिल्या, बारा संपल्या, पट्ट्या परत. पण तिचं दुखणं वाढत चाललं. पुन्हा ती भिंतीला टेकून बसायला लागली. नकला बंद झाल्या. नाडी धरली की एकशेवीस. दातांनी खालचा ओठ फोडून घेतला होता. डॉक्टरबाईंनी एका वेळची एक गोळी होती ती दीड केली. चार दिवसांनी पाहिलं तर काही फरक नाही. मग दोन केली. तरी नाही.

"असं होत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "औषध दुप्पट झालं आणि दुखणं तसंच? तिच्या पोटात गोळी जातच नाहीये, सिस्टर. कोणीतरी मधल्यामध्ये काढतंय. की बदलून दुसरंच काही देतंय?"

कोणीतरी म्हणजे कोण, हे दोघींनाही ठाऊक होतं. किल्ली बाईच्या गळ्यात असली म्हणून काय झालं? माझ्या आईच्या गळ्यातही किल्ल्या असायच्या. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. मी ठरवलं, न सांगता जायचं, भर दुपारी, गोळीच्या वेळेला. त्याला हातोहात पकडायचं आणि तिला उचलून एखाद्या रुग्णालयात टाकायचं. ह्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तू नर्स आहेस की पोलीस?" मी पर्स उचलली. बस पकडली, दांडेकर पुलाशी उतरले, उन्हात चालत कालव्यापर्यंत गेले आणि पायऱ्या चढले.

खोलीचं दार उघडं होतं. ती एकटीच होती. लुगड्याचा पदर तोंडात कोंबून ती पुढे मागे हलत होती, डोळे घट्ट मिटलेले. पेटी उघडी, शेजारी पाण्याचा पेला. मी हाक मारली तर ती दचकली. इतकी घाबरलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

"ते कुठे आहेत?"

 तिचे डोळे दाराकडे गेले. बोळाच्या पलीकडे, चार हातांवर, दुसरी एक पत्र्याची खोली होती. तिचं दार पुढे ओढलेलं होतं.

ती खोली मला माहीत होती. म्हणजे, माहीत असायला हवी होती. तीन-चार महिन्यांपूर्वी वस्तीतल्या कोणीतरी मला तिथं नेलं होतं. कसबा पेठेत उभा जन्म तांब्याची भांडी ठोकलेला एक म्हातारा तिथे एकटाच राहत होता. हातोड्याच्या आवाजानं कान कधीच गेलेले आणि आता जिभेचा कॅन्सर, त्यामुळे बोलताही येत नव्हतं. मी त्याचा फॉर्म भरला होता. 'काळजी घेणारी व्यक्ती' या रकान्यात 'कोणी नाही' असं लिहिलं होतं. फॉर्म परत आला. मी त्याच्या हातात सरकारी रुग्णालयाची चिठ्ठी ठेवली आणि पायऱ्या उतरले. नंतर त्याच बोळात मी पंधरा-वीस वेळा तरी आले असेन, कधीमधी आतून कण्हणं ऐकू आलं तरी समोरचं दार मी एकदाही ढकललं नव्हतं.

आता ढकललं. आत अंधार होता. बाईचा नवरा जमिनीवर मांडी घालून बसला होता. एका हातानं त्यानं म्हाताऱ्याचं डोकं मांडीवर धरलं होतं, दुसऱ्या हातात चमचा होता. मला बघून तो उठला नाही. चमचा मात्र खाली ठेवला.

"बाई," तो म्हणाला, "हा उठून नाई राह्यला."

माझ्या मनात त्याला जे ऐकवायचं होतं ते सगळं तिथंच राहिलं. मी गुडघ्यावर बसले आणि म्हाताऱ्याच्या छातीकडे पाहिलं. ती हलत नव्हती. मग हलली. मग पुन्हा बराच वेळ नाही. घड्याळ काढून मोजलं. एका मिनिटाला सात श्वास.

"किती दिलीत?"

"एका खेपेला अर्धीच देतो, दिसातून लय खेपा. चुरा करून, पान्यात."

"आज?"

"सकायपासून लय वरडत होता. तिनं एक पाठवली. अकरा वाजता आणखी एक." त्यानं म्हाताऱ्याचे ओठ पुसले. "दोन दिवस झाले, गोयीच्या चमच्याबिगर पानीही घोटत नाई तो."

दोन दिवस पाणी पोटात नसलेल्या, मूठभर हाडांच्या त्या म्हाताऱ्यासाठी दोन गोळ्या म्हणजे काय, ते त्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं. मला होतं. हाक मारून उपयोग नव्हता, ऐकूच येत नव्हतं त्याला. मी त्याच्या खांद्याच्या हाडाशी बोटं रोवून जोरात चोळलं. भुवई किंचित हलली, एक श्वास आला. सोडलं की पुन्हा थांबायचा.

त्या दिवशी व्हॅन नव्हती, बॅग नव्हती. मी तर सुट्टीवर होते. मोबाइल तेव्हा डॉक्टरबाईंकडे होता, माझ्याकडे नव्हता. मी बाईच्या नवऱ्याला नंबर लिहून दिला. "खाली पीसीओवर पळा. म्हणावं, सिस्टरनं सांगितलंय, श्वास सात आहे, उताऱ्याचं इंजेक्शन घेऊन पर्वतीच्या बाईच्या घरी या. एवढंच सांगा."

"पोलीस येतीन?"

"पळा आधी."

तो धावत गेला. मी म्हाताऱ्याला कुशीवर केलं, तोंडातली लाळ पुसली, आणि दर पंधरा सेकंदांनी खांदा चोळत राहिले. चोळलं की श्वास, चोळलं की श्वास. हात भरून आले. बोळाच्या पलीकडून तिचा आवाज आला, दबका, दात आवळलेला. "सिस्टरबाई, जिवंत हाय का तो?"

"आहे. ताई, तुमची गोळी घ्या तुम्ही. वेळ होऊन गेलीय."

"नाई."

"ताई, घ्या."

"त्याचा आवाज आयकू आल्याबिगर नाई घेत मी."

नवरा परत आला तो घामानं निथळत. निरोप पोचला होता. मी त्याला म्हाताऱ्याचा दुसरा खांदा दिला. आम्ही आळीपाळीनं चोळत होतो.  श्वास आठ, सात, सहा, पुन्हा सात. मी पंचवीस वर्षं नर्सिंग केलं, पण इतका लांब पाऊण तास मला आठवत नाही.

डॉक्टरबाई वर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा लालभडक झाला होता आणि एक हात गुडघ्यावर होता.  त्यांनी म्हाताऱ्याच्या पापण्या उघडून पाहिल्या, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. मग बॅग उघडून त्यांनी इंजेक्शन काढलं आणि ते सलाइनच्या पाण्यात पातळ करायला घेतलं. मी म्हटलं, "डॉक्टर, सहावर आलाय."

"दिसतंय मला. एकदम दिलं तर श्वास येईल, सिस्टर, आणि त्याबरोबर सगळं दुखणंही एकदम परत येईल. जिभेचं. ते सोसेल का त्याला?" शीर सापडत नव्हती. तिसऱ्यांदा सापडली. त्यांनी एक थेंबभर औषध आत सोडलं आणि माझ्या घड्याळाकडे पाहिलं. आम्ही थांबलो. पुन्हा थोडं. पुन्हा थांबलो. आठ. पुन्हा थोडं. दहा. त्याच्या पायाचा अंगठा हलला. मग घशातून एक लांब, खरखरीत आवाज निघाला आणि त्यानं डोळे उघडले.

तो कण्हला तेव्हा बोळापलीकडे पेल्याचा आवाज झाला. तिनं गोळी घेतली होती.

नंतर दोन तास आम्ही तिथून हललो नाही. उताऱ्याच्या इंजेक्शनचा परिणाम लवकर संपतो आणि गुंगी परत येऊ शकते. श्वास बाराला स्थिर झाल्यावर डॉक्टरबाई भिंतीला धरून उठल्या आणि समोरच्या खोलीत गेल्या. मी मागोमाग. नवरा दारात थांबला, नेहमीसारखा.

डॉक्टरबाई गादीजवळच्या पत्र्याच्या डब्यावर बसल्या. "बाई, तुम्ही काय केलंत ते कळतंय का? तो माणूस आज मेला असता. तुमच्या हातानं."

"हो जी."

"आणि कायद्यानं हा गुन्हा आहे. तुमचा, तुमच्या नवऱ्याचा, आणि आमचाही."

"हो."

"मग का दिल्यात?"

तिला बोलायला वेळ लागला. गोळी नुकतीच उतरायला लागली होती, शब्द जड येत होते. तिनं सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते, कारण तिचे सगळे शब्द मला आठवत नाहीत. तो बहिरा. आपण किती मोठ्यानं कण्हतो ते त्याला कळायचंच नाही. त्याला वाटायचं, आपण हळू कण्हतोय, कोणाला त्रास नाही. रात्रंदिवस पत्र्यातून तो आवाज यायचा. पहिले दोन आठवडे तिनं गोळी खाऊन ऐकला. मग एक दिवस नवऱ्याच्या हाती अर्धी पाठवून पाहिली, आणि तो पहिल्यांदा गप्प झोपला. पेटी यायच्या आधी त्याच्यासाठी डब्यातल्या जास्तीच्या निघायच्या, पेटी आल्यावर तिच्या स्वतःच्या वाट्याच्या.

शेवटचं वाक्य मात्र तिच्याच शब्दांत आठवतं. "तो वरडत राह्यला की मले गोयी लागतच नव्हती, डॉक्टरबाई. अर्धी त्याले देली तं मले अर्धी तरी लागे."

 डॉक्टरबाईंनी पर्समधून रुमाल काढला, घाम पुसला, आणि बराच वेळ पुसत राहिल्या. मग दाराकडे वळून त्यांनी नवऱ्याला विचारलं, "सही येते?"

"अंगठा देतो."

"अंगठा चालतो. सिस्टर, त्या म्हाताऱ्याचा फॉर्म आहे का आपल्याकडे?"

फॉर्म कार्यालयातल्या परत आलेल्या फॉर्मांच्या फाइलमध्ये होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो आणला. 'कोणी नाही' या शब्दांवर रेघ मारून डॉक्टरबाईंनी त्यावर 'शेजारी' लिहिलं आणि हमालानं त्यावर अंगठा उठवला. त्या दिवसापासून म्हाताऱ्याला त्याच्या मापाचं औषध वेगळं सुरू झालं, पातळ, नाकातल्या नळीवाटे. आणि बाईला तिचं पूर्ण.

गोळ्यांबद्दलचं उत्तर डॉक्टरबाईंनी जसं घडलं तसं लिहिलं. मी म्हटलं होतं, पाण्यात पडून विरघळल्या असं लिहू. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही. ते पत्र गेल्यावर दोन-अडीच आठवडे आम्ही जीव मुठीत धरून होतो. खालच्या छापखान्यात कोणी अनोळखी माणूस शिरला तरी मला धडकी भरायची. संस्थेच्या विश्वस्तांची बैठक झाली. व्हॅन देणाऱ्या कंपनीतर्फे एक तरुण गृहस्थ यायचे, हुशार आणि खरं तर सज्जन. ते म्हणाले, "मॅडम, नो ऑफेन्स, पण सिस्टीमच्या दृष्टीनं हे लीकेज आहे. डोनर्सना मी काय सांगू?"

"सांगा, दोन पेशंट होते आणि आम्ही एकच मोजला," डॉक्टरबाई म्हणाल्या. "चूक मोजणाऱ्यांची आहे."

कोणी हसलं नाही. मोजणारी मी होते. सरकारी कचेरीतून एक अधिकारी आले, वही पाहिली, कपाट पाहिलं, पुन्हा असं झालं तर मान्यता राहणार नाही अशी लेखी समज देऊन गेले. त्या दिवशी आम्ही दुपारचे डबे संध्याकाळी पाचला उघडले. एकटं राहणाऱ्याच्या फॉर्मवर शेजाऱ्याचं नाव चालेल, हे बैठकीत मान्य व्हायला मात्र आणखी बरेच महिने गेले.

ती बाई त्या दुपारनंतर अकरा दिवस जगली. दुखणं आटोक्यात होतं. आठव्या दिवशी तिनं माझीच नक्कल करून दाखवली, डबा उघडून भुवया वर करून गोळ्या मोजतानाची. हुबेहूब होती. मला हसावं की काय ते कळेना. अकराव्या दिवशी दुपारी, नवरा जखम धुऊन नवीन कापूस लावत असताना ती गेली. मी पोचले तेव्हा त्यानं पट्टी अर्धवट सोडली नव्हती, पूर्ण बांधली होती.

म्हातारा त्यानंतर पाच आठवडे होता. तेवढे दिवस तिचा नवरा यार्डातून दुपारी एकदा घरी येऊन जायचा, नळीतून पेज घालायचा, म्हाताऱ्याला पुसून काढायचा. दारूचा वास अजूनही यायचा अधूनमधून. मी त्याबद्दल बोलायचं सोडलं होतं. एक दिवस म्हाताऱ्याची कूस बदलताना मी त्याला म्हटलं, "त्या गुरुवारी मी तुम्हाला नको ते बोलले. वस्तीसमोर बोलले. माझं चुकलं."

त्यानं म्हाताऱ्याच्या पाठीखाली उशी सरकवली. "तुमी इचारलं, गोया घेतल्या का. म्या हो म्हटलं. घेतल्याच होत्या."

"खरं का नाही सांगितलंत?"

"सांगतलं असतं तं त्याची बंद केली असती ना तुमी."

केली असती. मी उशीची दुसरी बाजू सारखी करत राहिले.

म्हातारा गेल्यावर आठवड्याभरानं तो नारायण पेठेतल्या कार्यालयात आला. आम्ही दिलेली हवेची गादी त्यानं धुऊन, वाळवून, घडी करून आणली होती, नळ्या आणि उरलेला कापूससुद्धा. डॉक्टरबाईंनी त्याला बसवलं, चहा मागवला. त्या कोणाला सहसा चहा मागवत नसत. म्हणाल्या, "आमच्याकडे मदतनीस म्हणून येता का? घरोघरी जायचं, सिस्टरबरोबर. तुमच्यासारखे हात शिकवून तयार होत नाहीत."

त्यानं चहा संपवला, पेला खाली ठेवला. नकार द्यायला त्याला संकोच वाटत होता, हे दिसत होतं.

"दोन मानसं झाली, बाई," तो म्हणाला. "आता माह्याच्यानं नाई होत."

डॉक्टरबाईंनी मान हलवली. तो जिना उतरून गेला. मी गादी कपाटात ठेवायला उचलली, तेवढ्यात फोन वाजला. येरवड्याहून कोणीतरी बोलत होतं, आईला घरी पाठवलंय, दुखतंय फार, आज येता येईल का. मी पत्ता लिहून घेतला, आणि घरात आणखी कोण कोण आहे ते विचारलं.